बालसंरक्षणाच्या परिषदा: निवड, तयारी आणि परतल्यावर जिल्ह्यात करायचं काम

लैंगिक अत्याचाराची तक्रार झाली की आपल्याकडे मूल तीच गोष्ट किती जणांना सांगतं, ते मोजून पाहा. आधी आईला किंवा शाळेतल्या बाईंना. मग पोलिसांना. मग सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर पुन्हा जबाब, बाल कल्याण समितीपुढे पुन्हा विचारणा, समुपदेशकाजवळ पुन्हा उजळणी, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी विशेष न्यायालयात साक्ष. यातला प्रत्येक जण प्रामाणिकपणे आपलं काम करत असतो, तरी मुलाला तोच प्रसंग सात वेळा सांगावा लागतो. कारण ही सात माणसं एकमेकांना ओळखतात ती पत्रांच्या जावक क्रमांकांवरून. समोरासमोर बसून बोलण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते.

परिषदांचं मोल मला इथे दिसतं. पोलीस, डॉक्टर, वकील, समाजकार्यकर्ते आणि मानसोपचारतज्ज्ञ एकाच प्रश्नावर एकत्र बसतात अशा जागा फार थोड्या, आणि चांगली परिषद त्यातली एक. मात्र नुसतं जाऊन प्रमाणपत्र आणलं तर त्याचा मुलाला काडीचाही उपयोग नाही. परिषद कशी निवडायची, काय घेऊन जायचं, काय चुकूनही न्यायचं नाही आणि परत आल्यावर काय करायचं, हे इथे क्रमाने मांडतो आहे. बाल कल्याण समितीचे सदस्य, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कर्मचारी, समुपदेशक, बालरोगतज्ज्ञ, तपास अधिकारी, सरकारी वकील आणि संस्थांचे कार्यकर्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

## आधी प्रश्न, मग परिषद

माहितीपत्रक हातात पडण्याआधी एका कागदावर आपला अडलेला प्रश्न लिहा. एकच. "बाल अत्याचाराविषयी नवीन काय चाललंय" हा प्रश्न नव्हे, ती उत्सुकता झाली. प्रश्न असा हवा: "आमच्या रुग्णालयात रात्री आलेल्या मुलीला महिला डॉक्टर येईपर्यंत बाकावर बसवून ठेवतात. ही वेळ कशी कमी करायची?" किंवा "ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की कुटुंब जिल्हा सोडतं आणि खटल्यातलं मूल आमच्या हातून सुटतं. पाठपुरावा कसा ठेवायचा?" किंवा "पाच वर्षांचं मूल न्यायालयात गप्प झालं, तर त्याला आधीपासून कसं तयार करायचं, म्हणजे पढवल्याचा आरोपही होणार नाही?"

प्रश्न लिहिला की निम्मी निवड आपोआप होते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर रुग्णालयांत काम करणाऱ्यांकडे आहे, तिसऱ्याचं वकील आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र बसतात तिथे. दुसऱ्याचं उत्तर कदाचित परदेशातल्या कुठल्याच सभागृहात मिळणार नाही. ते बीड आणि कोल्हापूरच्या समित्यांनी एकमेकांशी बोलून काढायचं आहे, आणि हे आधीच कळलं तर विमानाचं भाडं वाचतं.

## कुठे काय मिळतं

या क्षेत्रातली जागतिक संघटना म्हणजे इस्पकॅन, म्हणजे मुलांवरचे अत्याचार आणि हेळसांड रोखण्यासाठीची आंतरराष्ट्रीय संघटना. डॉ. सी. हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये 'बॅटर्ड चाइल्ड सिंड्रोम' हा शोधनिबंध लिहिला आणि मुलांच्या अंगावरच्या जखमांकडे पाहण्याची वैद्यकीय जगाची नजर बदलली. त्याच केंप यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये ही संघटना उभी राहिली. तिचं जागतिक अधिवेशन पूर्वी दोन वर्षांनी भरायचं: नागोया २०१४, कॅलगरी २०१६, प्राग २०१८. अलीकडे ते लवकर लवकर भरतं. २०२३ मध्ये एडिनबरा, २०२४ मध्ये उप्साला इथे झालं. इथे संशोधन, धोरण आणि प्रत्यक्ष काम या तिन्ही बाजूंचे लोक येतात आणि आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतले अनुभवही ऐकायला मिळतात. साधनं कमी असलेल्या देशांत काय चाललं, काय फसलं, हे ऐकायचं असेल तर मी हेच अधिवेशन आधी सुचवेन. सदस्यत्वाचे दर देशाच्या उत्पन्नगटानुसार बदलतात, त्यामुळे भारतातून जाणाऱ्याने सवलतीचा रकाना आधी शोधावा.

इस्पकॅनची आशिया-पॅसिफिक परिषद ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत भरली होती. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा बाल अत्याचार आणि बालमजुरीवर काम करणारा गट तिच्या आयोजनात होता. पॉक्सोचं, म्हणजे लैंगिक अपराधांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याचं, विधेयक तेव्हा संसदेत होतं. तिथे संमत झालेला दिल्ली जाहीरनामा अजूनही वाचण्यासारखा आहे, कारण डॉक्टरांनी बालसंरक्षण ही आपलीही जबाबदारी मानावी, हे आपल्याच देशातल्या व्यासपीठावरून तेव्हा ठामपणे म्हटलं गेलं.

अमेरिकेतल्या परिषदांचा स्वभाव वेगळा. सॅन डिएगोची बाल व कौटुंबिक अत्याचारावरची आंतरराष्ट्रीय परिषद दर जानेवारीत भरते. ती रेडी चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या चॅडविक सेंटरतर्फे होते, त्यामुळे वैद्यकीय तपासणी, उपचार आणि आघातावरचे मानसोपचार यांत तिची पकड चांगली. अलाबामातल्या हंट्सव्हिलची परिषद वसंतात होते. तिथल्या जिल्हा सरकारी वकिलांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये सुरू झालेलं चिल्ड्रन्स अॅडव्होकसी सेंटर ती भरवतं. मुलाची मुलाखत कशी घ्यावी हा तुमचा प्रश्न असेल तर हीच. डॅलसची परिषद ऑगस्टमध्ये असते आणि ती मुख्यतः तपास करणाऱ्यांची. बालपीडितांसोबत प्रत्यक्ष काम करणाऱ्या शासकीय आणि सेवाभावी संस्थांच्या लोकांनाच तिथे नोंदणी मिळते. ही अट मला योग्य वाटते. गुन्हेगार मुलांना कसे जाळ्यात ओढतात याचे तपशील खुल्या सभागृहात सांगायचे नसतात.

घरच्या परिषदांना कमी लेखू नका. पेडिकॉन ही बालरोगतज्ज्ञांची वार्षिक परिषद. तिच्या सत्रांत बालसंरक्षणाचं सत्र कुठल्या वेळेला आहे ते पाहून जावं, कारण ते पुष्कळदा लसीकरणाच्या मोठ्या सत्राच्याच वेळेला असतं. पुण्याच्या यशदात शासकीय अधिकाऱ्यांची आणि उत्तनच्या महाराष्ट्र न्यायिक अकादमीत न्यायिक अधिकाऱ्यांची प्रशिक्षणं होतात. प्रश्न रुग्णालयाचा असेल, तर मुंबईत आरोग्याच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या सेहत संस्थेचं काम समजून घ्या. २००० मध्ये महापालिकेसोबत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात त्यांनी दिलासा केंद्र सुरू केलं. ते कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्या स्त्रियांसाठी होतं, पण सरकारी रुग्णालयाच्या चौकटीत समुपदेशन कसं बसवायचं याचा इतका जवळचा धडा दुसरीकडे मिळणं कठीण.

प्रवास शक्य नसेल तर ऑनलाइन नोंदणीची सोय आहे का ते बघा. सॅन डिएगोची सकाळची ९ची वेळ जानेवारीत आपल्याकडे रात्री साडेदहाला येते. दिवसभर कार्यालय करून रात्री मुलांवरच्या अत्याचाराची सत्रं बघत बसणं मी कुणालाच सुचवणार नाही. ध्वनिचित्रमुद्रण नंतर पाहता येतं का ते विचारा आणि दिवसा पाहा.

## अॅबस्ट्रॅक्ट: आधी मराठीत लिहा

मोठ्या परिषदांत अॅबस्ट्रॅक्टची, म्हणजे आपण मांडणार असलेल्या कामाच्या सारांशाची, मुदत परिषदेच्या कित्येक महिने आधी संपते. त्यामुळे पुढच्या वर्षीचा विचार याच वर्षी करावा लागतो. शब्दमर्यादा बहुधा अडीचशे-तीनशेची. एवढ्यात चार गोष्टी बसल्या पाहिजेत: अडचण काय होती, तुम्ही काय केलं, काय बदललं आणि काय बदललं नाही.

पहिला मसुदा मराठीत करा. इंग्रजीत लिहायला बसलं की आपण नकळत अहवालाची भाषा उचलतो. मग "क्षमता वृद्धिंगत करण्यात आली" अशी वाक्यं येतात, त्यांत कुणी काय केलं तेच दिसत नाही. मराठीत लिहिलं की "अंगणवाडी सेविकेने पोलिसांना फोन केला, पण ठाण्यातून तिलाच साक्षीदार होशील का विचारलं, आणि पुढच्या वेळी तिने फोन केला नाही" असं थेट वाक्य येतं. निवड समितीला तेच हवं असतं. मग शांतपणे इंग्रजी करा, आणि ती भाषा नीट येणाऱ्या कुणाला तरी दाखवा.

आकडा लिहिताना तो किती जणांपैकी आहे ते लिहा. "८० टक्के मुलं परत शाळेत गेली" या वाक्याला अर्थ येतो तो एकूण मुलं पाच होती की पाचशे, ते कळल्यावर. मुलांशी बोलून माहिती गोळा केली असेल तर नैतिकता समितीची परवानगी आधीच घेतलेली असावी, परिषद जवळ आल्यावर मागून चालत नाही. लहान संस्थांकडे अशी समिती नसते. त्यांनी जवळच्या वैद्यकीय किंवा समाजकार्य महाविद्यालयाशी वेळेवर बोलावं.

आणि "आपल्याकडे मांडण्यासारखं काय आहे" हा संकोच सोडा. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका क्षेत्रीय प्रकल्पातून सुरू झाली आणि पुढे देशभर पोचली. रस्त्यावर राहणाऱ्या मुलांनाच मदतीच्या साखळीत घेण्याचा तो विचार आपल्याकडचाच.

## मुलाची ओळख: इथे कुठलीही सवलत नाही

हा भाग सावकाश वाचा, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होतं आणि ते करणारी माणसं चांगल्या हेतूची असतात.

कायदा स्पष्ट आहे. पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार मुलाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, किंवा ज्यावरून ओळख पटेल असं काहीही माध्यमातून उघड करता येत नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ हेच बजावतात. निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सांगितलं की दूरान्वयानेही ओळख पटेल असा मजकूर छापता किंवा प्रसिद्ध करता येणार नाही. मूल हयात नसलं तरी हा नियम लागू राहतो. आईवडिलांची सही घेतली म्हणजे वाट मोकळी झाली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मुलाच्या हितासाठी अशी परवानगी देण्याचा अधिकार कायद्याने विशेष न्यायालयाला, आणि बाल न्याय कायद्याखाली बाल न्याय मंडळाला किंवा बाल कल्याण समितीला दिला आहे. व्याख्यान रंगावं हे कारण मुलाच्या हितात बसत नाही.

नाव बदलणं म्हणजे ओळख लपवणं नव्हे. समजा तुम्ही लिहिलंत: "अमुक तालुक्यातल्या आश्रमशाळेत सहावीत शिकणाऱ्या जुळ्या बहिणी, गेल्या दिवाळीनंतर मुख्याध्यापकाला अटक." नाव नाही, तरी त्या तालुक्यातल्या कुणालाही एका मिनिटात कळेल. बाहेरच्याने वर्तमानपत्राची जुनी बातमी शोधली तर त्यालाही. हेच असं लिहा: "निवासी शाळेतल्या, दहा ते तेरा वयोगटातल्या मुली, आरोपी संस्थेत अधिकाराच्या जागेवर." मांडायचा मुद्दा असा आहे की अधिकाराच्या भीतीने मुली बराच काळ बोलल्या नाहीत. तो मुद्दा दोन्ही वाक्यांत सारखाच पोचतो. म्हणजे पहिल्या वाक्यातला तपशील गरजेचा कधीच नव्हता.

तालुका, महिना, सण, शाळेचा प्रकार, भावंडांची संख्या, आरोपीचा व्यवसाय, दुर्मीळ आजार किंवा अपंगत्व, यातल्या कुठल्याही दोन गोष्टी एकत्र आल्या की ओळख पटण्याची शक्यता झपाट्याने वाढते. त्यातही आरोपीचं नातं सर्वांत घातक. "सावत्र वडील" लिहिलं आणि गाव लहान असेल, तर बाकी काही लिहायची गरजच उरत नाही. दोन-तीन प्रकरणांतले धागे घेऊन एक संमिश्र उदाहरण तयार करणं उत्तम, आणि ते संमिश्र आहे असं स्लाइडवर स्वच्छ लिहा.

मग ही चाचणी घ्या. तुमच्याच जिल्ह्यातल्या, पण त्या प्रकरणाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला मजकूर वाचायला द्या. "हे त्या अमक्या गावचं का?" असं तो म्हणाला तर मजकूर बदला.

मुलांनी काढलेली चित्रं दाखवण्याचा मोह फार होतो. त्यांच्या कोपऱ्यात नाव असतं, वहीवर शाळेचा शिक्का असतो, अक्षर ओळखू येतं. चित्र त्या मुलाचं आहे. ते त्याने समुपदेशकाला विश्वासाने दिलेलं असतं, शंभर लोकांच्या सभागृहाला नव्हे. जखमांची छायाचित्रं फक्त वैद्यकीय प्रशिक्षणात, फक्त डॉक्टरांपुढे, चेहरा आणि ओळखीच्या खुणा नसलेली, आणि रुग्णालयाच्या नियमांप्रमाणे. मुलाच्या जबाबाचा आवाज किंवा चित्रफीत आपल्याकडे खटल्यातला पुरावा असते, ती कुठेच नेऊ नका. परदेशात अशा मुलाखती दाखवल्या जातात तेव्हा त्यांचे कायदे आणि परवानग्या वेगळ्या असतात. आपण त्यांचं अनुकरण करू नये.

एक साधी गोष्ट बहुतेक जण विसरतात. फाईलच्या नावात गुन्हा रजिस्टर क्रमांक असतो. सभागृहातल्या संगणकावर ती फाईल तशीच राहते, पेन ड्राइव्ह आयोजकांकडे राहतो. सादरीकरण संपल्यावर स्वतः थांबून ती पुसून घ्या.

## परवानग्या आणि पैसे

हा भाग कंटाळवाणा आहे, पण उशीर झाला तर बाकी सगळी तयारी वाया जाते. शासकीय सेवेत असाल तर परदेश प्रवासासाठी विभागाची परवानगी लागते. शिवाय आयोजक राहण्याचा किंवा प्रवासाचा खर्च देणार असतील, तर परकीय योगदान नियमन कायदा, २०१० च्या कलम ६ प्रमाणे परकीय आदरातिथ्य घेण्याआधी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. हे शासकीय कर्मचारी, न्यायाधीश आणि शासकीय महामंडळांच्या नोकरांना लागू आहे. बाल कल्याण समितीचे सदस्य मानधनावर असतात, तरी त्यांनी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांमार्फत लेखी विचारून ठेवावं. संस्थेला परदेशातून पैसे येणार असतील तर संस्थेची नोंदणी त्या कायद्याखाली आहे का, हे हिशेबनिसाला पहिल्याच दिवशी विचारा.

निमंत्रणपत्र मागवून व्हिसाचा अर्ज लगेच करा. तिकीट व्हिसा हातात आल्यावर. शिष्यवृत्ती बहुतेक ठिकाणी सादरीकरण मंजूर झालेल्यांनाच मिळते. म्हणून अॅबस्ट्रॅक्ट हीच आर्थिक मदतीची पहिली पायरी समजा. देशातल्या प्रशिक्षणासाठी मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत क्षमताबांधणी हा घटक आहे. जिल्हा कक्षाने वार्षिक आराखडा करतानाच नावं घातली, तर वर्षअखेरीची धावपळ टळते.

## तिथे गेल्यावर

शक्य असेल तर जोडीने जा, आणि जोडी दोन वेगळ्या खात्यांची असू द्या. एकाच संस्थेतल्या तिघी समुपदेशक गेल्या तर तिघी एकाच सत्रात बसतात. एक समुपदेशक आणि एक महिला पोलीस अधिकारी गेल्या, तर रात्री जेवताना होणारं बोलणं हीच खरी परिषद. आणि परत आल्यावर बदल करायला दोन खात्यांत एकेक माणूस तयार असतो.

सत्रं निवडताना निम्मी आपल्या विषयाबाहेरची घ्या. डॉक्टरांनी उलटतपासणीवरचं सत्र ऐकावं. आपण अहवालात लिहिलेला "जखम नाही" हा साधा शब्दप्रयोग न्यायालयात "म्हणजे काही घडलंच नाही" असा कसा वळवला जातो, ते तिथे कळतं. लैंगिक अत्याचार झालेल्या बहुसंख्य मुलांच्या तपासणीत काहीही वावगं दिसत नाही, हे वैद्यकशास्त्राला पक्कं ठाऊक आहे, पण अहवालात ते एक वाक्य लिहिलेलं नसतं. वकिलांनी बालविकासावरचं सत्र ऐकावं. "कधी घडलं" हा प्रश्न चार वर्षांच्या मुलाला का झेपत नाही, आणि "तेव्हा शाळा होती की सुट्टी" हा कसा झेपतो, ते त्यांना उपयोगी पडेल.

मुख्य परिषदेच्या आधी एक-दोन दिवस छोट्या गटांची प्रशिक्षणं असतात. त्यांना वेगळं शुल्क असतं. पैसे मोजकेच असतील तर मी मुख्य परिषदेचा एखादा दिवस सोडून हे प्रशिक्षण घ्यायला सांगेन. तिथे वीस-तीस माणसांत हाताने काम करायला मिळतं.

इंग्रजी बोलायला अडखळायला होत असेल तर प्रश्न कागदावर लिहून वक्त्याला सत्रानंतर द्या, आपला ईमेल खाली लिहा. पोस्टरच्या दालनात जास्त वेळ काढा. तिथे मांडणारा माणूस एकटा उभा असतो, त्याला बोलायला कुणीतरी हवंच असतं, आणि तो बऱ्याचदा तुमच्यासारखाच जिल्ह्यात काम करणारा असतो.

चहाच्या रांगेत प्रकरणांची चर्चा करू नका. अशा परिषदांना लहानपणी अत्याचार सोसलेली प्रौढ माणसंही येतात, काही व्यावसायिक म्हणून, काही स्वतःचा अनुभव धोरणापर्यंत पोचवायला. शेजारी कोण उभं आहे हे आपल्याला माहीत नसतं.

आणि स्वतःची काळजी घ्या. हा विषय दिवसभर ऐकणं शरीराला जड जातं: झोप उडते, घरच्या मुलांची आठवण येऊन छाती भरून येते, कधी आपलंच जुनं काही वर येतं. सत्रातून उठून बाहेर जाण्यात काहीही गैर नाही. काही परिषदांत शांत बसायची खोली आणि समुपदेशक असतात, त्याची चौकशी पहिल्याच दिवशी करून ठेवा. ज्या आयोजकांनी अशी सोय केलेली असते, त्यांना हे काम कळलेलं आहे असं मी समजतो.

## तिकडचं इकडे आणताना

हंट्सव्हिलची पद्धत पाहून प्रत्येक जण भारावतो. मुलांना आवडेल अशी खोली, एकच प्रशिक्षित मुलाखतकार, आणि पलीकडच्या खोलीत पोलीस, वकील, समाजकार्यकर्ते ती मुलाखत पाहत बसलेले. मूल एकदाच बोलतं. हे आपल्याकडे जसंच्या तसं बसत नाही. पॉक्सोच्या कलम २४ प्रमाणे पोलिसांचा जबाब, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा वेगळा जबाब आणि शेवटी न्यायालयातली साक्ष या पायऱ्या राहतातच. मग आणायचं काय? तर कायद्यात आधीच असलेली जागा भरायची. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घालता, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा आहे. जमेल तिथे ध्वनिचित्रमुद्रण करायचं आहे. मुलाला साक्षीसाठी वारंवार बोलवायचं नाही आणि आरोपीसमोर आणायचं नाही. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत सपोर्ट पर्सनची, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबत राहणाऱ्या व्यक्तीची, तरतूद आहे. असुरक्षित साक्षीदारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात वेगळं साक्ष केंद्र असावं, हा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२२ चा आदेश तर महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात झाला. आपल्या जिल्ह्यातलं केंद्र चालू आहे का, त्याच्या दाराला कुलूप आहे का, हे बघायला परदेशी जावं लागत नाही. परिषदेतून आणायची ती कामाची रीत: मुलाला भेटण्याआधी सगळ्यांनी एकमेकांशी बोलणं.

कळवण्याच्या सक्तीचंही तसंच. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ती डॉक्टर, शिक्षक अशा ठरावीक व्यवसायांवर आहे. आपल्याकडे पॉक्सोच्या कलम १९ ची सक्ती प्रत्येकावर आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. त्यात सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या इच्छेच्या नात्यातून गरोदर राहून डॉक्टरांकडे येते, तेव्हा परदेशी व्याख्यानातलं उत्तर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केली तर डॉक्टरांना कळवताना तिची ओळख द्यायची गरज नाही. जिल्ह्यातल्या किती डॉक्टरांना हे माहीत आहे, ते विचारून पाहा.

सर्वांत जपून आणायची गोष्ट म्हणजे हेळसांडीची व्याख्या. श्रीमंत देशांतल्या परिषदांत या विषयावर खूप सत्रं असतात, कारण तिथे नोंदल्या जाणाऱ्या प्रकरणांत हा मोठ्या प्रकारांपैकी एक. ती फूटपट्टी उचलून आणली, तर उसाच्या फडावर मूल घेऊन जाणारी आई हेळसांड करणारी ठरेल. तिच्यापुढे पाळणाघर नाही, हंगामी वसतिगृहात जागा नाही, मुकादमाची उचल फेडायची आहे. बाल न्याय कायदा संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानतो, आणि हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडावं लागलेल्या जन्मदात्यांनी ते मुद्दाम केलं नाही असंच धरतो. गरिबीला अत्याचार म्हणून नोंदवणारं कुठलंही प्रशिक्षण मी परत पाठवून देईन.

## परतल्यावर: जिल्ह्यात एक दिवस

परत येऊन महिन्याभरात जिल्ह्यात एक दिवसाची बैठक लावा. मोठी परिषद नको, चाळीसच्या आत माणसं. विशेष बाल पोलीस पथक आणि तीन-चार ठाण्यांचे तपास अधिकारी, जिल्हा रुग्णालयातल्या स्त्रीरोग व बालरोग विभागाचे डॉक्टर आणि परिचारिका, बाल कल्याण समिती, बाल संरक्षण कक्ष, सरकारी वकील, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सखी वन स्टॉप सेंटर, सपोर्ट पर्सन, दोन मुख्याध्यापक, काही अंगणवाडी सेविका आणि आशा ताई. पत्र जिल्हाधिकारी कार्यालयातून गेलं तर खाती माणसं पाठवतात. सेविका आणि आशा यांचा प्रवासभत्ता त्याच दिवशी हातात द्या. त्यांचा दिवस बुडतो आणि नंतर पैसे मिळतील या आश्वासनांवर त्यांनी खूप बैठका काढलेल्या आहेत.

दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रास्ताविक मिळून दहा मिनिटं, त्यापुढे नाही. वार्ताहरांना आत बोलवू नका, छायाचित्रं फक्त सुरुवातीला. अत्याचार सोसलेल्या मुलाला किंवा त्याच्या आईला अनुभव सांगायला व्यासपीठावर आणू नका, त्या स्वतः तयार असल्या तरी. बैठकव्यवस्था खात्यांप्रमाणे नको, प्रत्येक टेबलावर प्रत्येक खात्याचा एक माणूस बसवा.

सकाळी प्रत्येक टेबलाला एक संमिश्र प्रकरण द्या आणि एवढंच सांगा: तक्रार सोमवारी सकाळी ११ ला आली. इथून पुढे ७२ तासांत मुलाजवळ कोण, कधी, कुठे जाईल, ते मोठ्या कागदावर लिहा. पोलिसांनी २४ तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं आहे. ते कागदावर कुठे येतं, फोनवर की पत्राने, कुणाच्या हाती, हेही लिहा. भांडणं होतील. डॉक्टर म्हणतील पोलिसांशिवाय तपासणी करता येत नाही. पॉक्सोच्या कलम २७ प्रमाणे गुन्हा नोंदलेला नसला तरी तपासणी करता येते, हे तिथेच कायदा उघडून वाचा. मुलाला बसवायचं कुठे, सोबत जेवण-पाणी कोण बघणार, आईची मजुरी बुडाली तर काय, पीडितांना अर्थसाहाय्य देणाऱ्या मनोधैर्य योजनेचा अर्ज कोण भरणार, हे प्रश्न दुपारपर्यंत आपोआप वर येतात.

दुपारी नवं भाषण नको. सकाळच्या कागदांवरून फक्त दोन बदल निवडा, जे पैशाशिवाय आणि वरच्या आदेशाशिवाय उद्यापासून करता येतील. उदाहरणार्थ, मुलाने आधी कुणाला काय सांगितलं याची एक पानी नोंद पुढच्या प्रत्येकाला बंद पाकिटातून मिळावी, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागणार नाही. किंवा रुग्णालयात मुलासाठी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेपासून दूर एक खोली, जिची किल्ली रात्रपाळीच्या परिचारिकेकडे असेल. प्रत्येक बदलापुढे व्यक्तीचं नाव लिहा, खात्याचं नको.

शेवटची गोष्ट म्हणजे फोनयादी: प्रत्येक खात्यातला एक माणूस आणि तो नसेल तर दुसरा, दोघांचे मोबाइल क्रमांक, रात्रीचे वेगळे. ती छापून ठाण्यात, रुग्णालयात आणि समितीच्या खोलीत लावा. एप्रिल-मेमध्ये बदल्या होतात आणि जूनमध्ये निम्मी यादी खोटी होते. म्हणून जूनचा पहिला आठवडा यादी नव्याने करण्यासाठी राखून ठेवा, आणि नवीन आलेल्या अधिकाऱ्याला यादीसोबत त्या दोन बदलांचा कागदही हातात द्या.